आबांच्या जीपची दोन चाकं

"दिवे घाटात चाळीसच्या वर गेलं की डावीकडून लंगडायला लागते. दोनदा बॅलन्सिंग केलं, एकदा अलाइनमेंट. आता तूच बघ." मित्राच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आमच्या ताईने, एवढं सांगून जीपची चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि जाता जाता म्हणाली, "आणि हो, डावीकडची दोन चाकं जपून हाताळ. ती लढाईतली आहेत."

माझं भोसरीत लेथ आणि मिलिंगचं छोटं वर्कशॉप आहे. जुन्या जीपा हा धंदा नाही, रविवारचं व्यसन. त्यामुळे 'लढाईतली चाकं' म्हटल्यावर कान टवकारले, हे कबूल करतो. पुढे जे घोळ झाले त्यातला पहिला तिथेच झाला.

गाडी सासवडजवळच्या मळ्यातली. ताईच्या वडिलांनी, आबांनी, घेतलेली १९६६ ची महिंद्रा सीजे-३बी. ही जीप ओळखायला सोपी. विलीज या अमेरिकन कंपनीने १९५३ मध्ये काढलेलं हे मॉडेल बॉनेट उंच असल्यामुळे लांबूनही कळतं. खाली हरिकेन इंजिन आहे. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, म्हणून ते आधीच्या इंजिनापेक्षा उंच झालं आणि बॉनेटला उंची द्यावी लागली. मूळ कारखान्याने १९६८ मध्ये ही जीप बंद केली, आपल्याकडे मात्र तिचा वंश पुढे कितीतरी वर्षं चालला. आबा गेल्यावर जीप गोठ्याशेजारी सात वर्षं उभी होती. ताईने ती पुण्यात आणली, इंजिन बांधून घेतलं, आणि आता तिला विंटेज म्हणून नोंदणी करायची होती.

२०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ स्थितीत राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि व्हीए मालिकेचा नंबर. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मोठे बदल झालेले नसावेत असं म्हणताना नियम चासी, बॉडी आणि इंजिन यांची नावं घेतो. चाकांचं नाव घेत नाही. पण ताईला फाइलमध्ये चाकांचीही गोष्ट हवी होती. आबा सांगायचे, डावीकडची पुढची आणि मागची अशी दोन चाकं दुसऱ्या महायुद्धातल्या विलीजची आहेत, लष्कराच्या लिलावातली. पुण्यात अशी गोष्ट कोणी खोटी मानत नाही. खडकीला आर्मी बेस वर्कशॉप, दापोडीला सीएमई हे लष्कराचं इंजिनिअरिंग कॉलेज, पलीकडे देहूरोडचे डेपो. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द इथल्या जुन्या मेकॅनिकच्या तोंडात रोजचा.

जीप येण्याच्या आठवडाभर आधी ताईने मला चाकाचे फोटो पाठवले होते. रिमच्या आतल्या बाजूला, हवेच्या नळीजवळ, गंजातून शिक्का दिसत होता: ४.५० ई × १६. मी जेवता जेवता उत्तर दिलं, "बरोबर आहे, जीपचीच." शिक्का खरा होता. साडेचार इंच रुंद, सोळा इंची रिम, तिच्यावर ६.०० - १६ चं टायर, ही जीपची नेहमीची जोडी. 'ई' हे रिमच्या कडेच्या आकाराचं अक्षर. मोटारीच्या रिमवर बहुतेक वेळा 'जे' असतो, ती कड बुटकी असते. 'ई' जुन्या, कामकरी गाड्यांवर सापडतो. एवढ्यावरून मी 'जीपचीच' म्हणालो. पण शिक्का फक्त रिमचा असतो. चाक म्हणजे रिम अधिक मधली डिस्क, आणि हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागाला, बसते ती डिस्क. रिमचं नाव वाचून मी अख्ख्या चाकाची जात सांगून मोकळा झालो होतो.

जीप जॅकवर चढवली तेव्हा दुसरा घोळ. आमच्याकडचा पोरगा नवा. डाव्या चाकाला टॉमी, म्हणजे नट खोलायचा पाना, लावला, सवयीने उलट्या दिशेने जोर केला, नट हलेना म्हणून टॉमीवर पाइप चढवला. कट्‌ असा आवाज आला आणि स्टड, म्हणजे हबमधून बाहेर येणारा ज्यावर नट बसतो तो बोल्ट, मुळातून तुटला. जीपच्या घराण्यात डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, म्हणजे उजवीकडे फिरवलं की नट सुटतो. चाकाच्या फिरण्याने नट आपोआप ढिला होऊ नये हा त्यामागचा विचार. स्टडच्या डोक्यावर 'एल' कोरलेला असतो, पण त्यावर साठ वर्षांचा रंग बसल्यावर तो कुणाला दिसणार? दोष पोराचा नाही, त्याला न सांगणाऱ्याचा. त्या एका स्टडपायी हब आणि ड्रम खाली आले आणि शनिवार गेला.

तुटलेल्या स्टडने एक उपकार मात्र केला. तो हातात घेऊन बघताना लक्षात आलं की नट आट्यांवर फार थोडा चढलेला होता. उजवीकडच्या चाकांत नट आवळल्यावर स्टडचे दोन-तीन आटे नटाच्या बाहेर डोकावतात. डावीकडे स्टडचं टोक नटाच्या आतच राहिलेलं. स्टड सारखेच, चार सुती, अर्ध्या इंचाचे. म्हणजे डाव्या चाकांची डिस्क जाड होती. व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, लावला. उजवीकडच्यापेक्षा चांगलीच जाड.

मग पाचही चाकं फरशीवर आडवी मांडली. उजवीकडची दोन आणि स्टेपनी ही तीन एका ताटातली, डावीकडची दोन दुसऱ्या. आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते सुरू केलं, मापं.

पाच बोल्टच्या चाकाला समोरासमोर भोकं नसतात, त्यामुळे बोल्टांच्या गोलाचा व्यास, ज्याला टायरवाले पीसीडी म्हणतात, पट्टी आडवी धरून मिळत नाही. शेजारच्या दोन भोकांमधलं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि १.७०१ ने गुणायचं. भोकाचा मध्य डोळ्यांनी धरायला जाऊ नये. एका भोकाच्या डाव्या कडेपासून पुढच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजलं की तेच अंतर येतं. चांगल्या तीन चाकांवर प्रत्येक वेळी ८२.१ च्या आसपास आलं. गुणाकार केला की १३९.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेपाच इंच. विलीजपासून चालत आलेलं माप.

डावीकडच्या चाकांवर सरासरी तीच आली. साडेपाच इंच, पाच बोल्ट. बसत होती म्हणूनच तर इतकी वर्षं बसलेली होती. पण पाच बोल्ट आणि साडेपाच इंच ही अर्ध्या जगाची मांडणी आहे. फोर्डची जुनी ब्रॉन्को, रशियाची यूएझेड, लाडा निवा, आपली मारुती जिप्सी, सगळ्या त्याच गोलावर. एवढ्या एका मापावरून चाकाचं मूळ सांगणं म्हणजे आडनाव कुलकर्णी आहे म्हणून गाव सांगण्यासारखं. हे माप उमेदवारांची गर्दी कमी करतं, निकाल देत नाही. लँड रोव्हर तेवढी बाद झाली, कारण तिच्या जुन्या सिरीजची चाकं साडेसहा इंचांच्या गोलावर असतात, शेजारची भोकं ९७ मिलिमीटरवर.

मग उरलेले उमेदवार. जिप्सीचं चाक पंधरा इंची, ते पहिल्या फेरीत गेलं. निवाचं चाक सोळा इंची असतं आणि बोल्टही जुळतात. पण त्याच्या रिमवर 'जे' असतो आणि डिस्क रिमच्या मध्यरेषेपासून ५८ मिलिमीटर बाहेरच्या अंगाला असते. तसं चाक जीपला लावलं तर ते खूपच आत ओढलं जाईल. आमच्या चाकात ते नव्हतं. चाक उलटं पालथं घालून मागच्या कडेवर सरळ पट्टी ठेवली आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजली. चांगल्या तीन चाकांत आणि या दोनांत सहा सुतांचा फरक निघाला. पाऊण इंच. म्हणजे ही चाकं गाडीच्या बाहेर पाऊण इंच उभी राहत होती, आणि जीप डावीकडून लंगडते हे ताईचं निदान शब्दशः खरं होतं. एका बाजूचा ट्रॅक दुसऱ्यापेक्षा रुंद. बॅलन्सिंगवाल्याला हे दिसणारच नाही, कारण त्याच्या यंत्रावर चाक एकटं फिरतं.

महायुद्धाचं काय? ही शक्यता निकालात काढणं सगळ्यात सोपं होतं, पण मला ती जावीशी वाटत नव्हती म्हणून मी ती शेवटी घेतली. युद्धातल्या जीपची बहुतेक चाकं 'कॉम्बॅट' प्रकारची. दोन अर्धे भाग बाहेरच्या कडेला बोल्टच्या वर्तुळाने एकमेकांना जोडलेले, म्हणजे टायर फुटलं तरी गाडी काही अंतर पळावी आणि टायर लोखंडी पट्ट्यांशिवाय बदलता यावं. आमची चाकं एकसंध होती. अगदी सुरुवातीच्या विलीज आणि फोर्ड जीपांना एकसंध चाकं होती खरी, पण ती चार इंच रुंद. आमच्या रिमवर तर साडेचार कोरलेले. (कॉम्बॅट रिम कुणाला भंगारात सापडली तर एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. आतले पाच नट हबचे, बाहेरचे रिमचे. टायरमध्ये हवा असताना बाहेरच्या नटांना पाना लावायचा नाही. तो अर्धा भाग तोफेच्या गोळ्यासारखा उडतो. ब्रिटिश सैन्यात अशा नटांना लाल रंग द्यायची पद्धत होती ती याचसाठी.)

मी ताईला फोन केला. "लढाईतली नाहीत ती." थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यावर बाण आहे ना? बाण लष्कराचा असतो."

बाण होता. डिस्कवर, रंगाच्या थराखाली, टोक वर असलेली खूण स्पष्ट लागत होती. आपल्या लष्करी गाड्यांच्या नंबर प्लेटवर वर टोक असलेला बाण असतो, सरकारी मालावर बाणाचा शिक्का मारायची रीत इंग्रजांच्या काळापासूनची. ताईचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शिवाय चाकं हिरवी. त्या रात्री मी परत डळमळलो.

रंगाचं उत्तर ब्लेडने मिळालं. नखाएवढी जागा तिरकी घासत नेली की थर झाडाच्या खोडातल्या वळ्यांसारखे उघडे पडतात. सगळ्यात वर लष्करी छटेचा हिरवा. त्याखाली रेड ऑक्साइड. त्याखाली राखी-चंदेरी. मग लोखंड. लष्कराचं चाक असतं तर हिरवा तळाशी सापडला असता. इथे हिरवा सगळ्यात तरुण. उजवीकडच्या चाकांवर तोच हिरवा, तोच ब्रश, एका ठिकाणी तोच अडकलेला केस. म्हणजे एका दिवशी पाचही चाकं एकाच हाताने रंगवली होती.

आणि मग ती गोष्ट, जी मापाच्या वहीत दोन दिवस पडून होती आणि मला दिसत नव्हती. डाव्या चाकांची सरासरी ८२ आली होती, पण सुटे आकडे असे होते: ८१.२, ८३.०, ८२.४, ८०.९, ८३.१. मी ते गंजावर आणि माझ्या हातावर ढकलले होते. उजवीकडच्या चाकांवर तोच गंज आणि तोच हात होता, तरी तिथे फरक पाव मिलिमीटरच्या आत. कारखान्यात पाचही भोकं प्रेसखाली एका ठोक्यात पडतात, ती चुकली तर सगळी मिळून चुकतात. एक-एक भोक आपापल्या दिशेला सरकलेलं असेल, तर ते कुणीतरी कंपास आणि सेंटर पंच घेऊन आखलेलं आणि ड्रिलने पाडलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही डिस्क सँडब्लास्टिंगला पाठवल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा पांढुरक्या लोखंडावर ट्यूबलाइटचा प्रकाश तिरपा पडत होता. पाच भोकांच्या मागे सहा वर्तुळं उभी होती.

बुजवलेली भोकं. आत लोखंडी चकती बसवून भोवती वेल्डिंग, मग ग्राइंडरने सपाट. रंगाखाली काहीच कळत नव्हतं, पण वेल्डिंगचं लोखंड ब्लास्टिंगमध्ये वेगळ्या रंगाचं होतं, जरा काळपट. सहा भोकं असली की काम सोपं, समोरासमोरच्या दोनांचं अंतर थेट मोजायचं. १५२ मिलिमीटर आणि वर थोडं. सहा इंच. सहा बोल्ट, सहा इंचांचा गोल, ४.५० ई × १६ ची रिम, जाड डिस्क, आणि मधलं भोक ११७ च्या आसपास. हे वर्णन मोटारीचं नव्हेच. मॅसी फर्ग्युसन घराण्यातल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचं आहे. त्यावरही ६.०० - १६ चं टायर चढतं. टॅफे या कंपनीने चेन्नईत मॅसीचे ट्रॅक्टर करायला घेतले ते साठच्या दशकात, म्हणजे काळही जुळतो. माझ्या 'जीपचीच' या निकालाचा आधार असलेला शिक्का पहिल्यापासून खरं बोलत होता. ती रिम दोघांचीही असते.

आणि बाण? दोन तिरक्या छिन्नीच्या रेघा आणि मधली एक उभी. उभी रेघ चाकाच्या मध्यापासून पहिल्या भोकाच्या मध्यापर्यंत बरोबर जात होती. आखणी करणाऱ्याने 'इथून सुरू' म्हणून केलेली खूण.

इथवर ही ओळख पटवण्याची गंमत होती. पुढचं गंमतीचं नाही. मी कागदावर दोन गोल काढले, सहा इंचांवर सहा भोकं आणि साडेपाच इंचांवर पाच, पहिलं भोक एका रेषेत धरून. पाचाची भोकं ७२ अंशांवर येतात, सहाची ६० वर. दोन्ही गोलांची पहिली भोकं एकमेकांवर पडतात, मध्यांत फक्त सव्वासहा मिलिमीटरचं अंतर, म्हणजे नवं भोक बरंचसं जुन्या बुजवणीतून पाडलेलं. त्याच्या दोन बाजूंची भोकं जुन्या भोकांपासून साडेसोळा मिलिमीटरवर, कडेला कड लागून. उरलेली दोन मोकळ्या, शाबूत लोखंडात. आणि चाकावर नेमकं तसंच होतं. नटाचा निमुळता भाग जिथे टेकतो ती वाटी पहिल्या भोकात निम्मी मूळ लोखंडाची, निम्मी वेल्डिंगची. दोन्हींचा कठीणपणा वेगळा, झिजण्याचा वेग वेगळा. त्या जागी नट कितीही आवळला तरी आठवड्यात ढिला होणार. ताईने दोनदा नट ढिले सापडल्याचं सांगितलं होतं. दोन्ही वेळा तो एकच नट होता का, हे तिला आठवत नव्हतं. मला विचारायची गरज राहिली नव्हती.

डीपी टेस्ट, म्हणजे लोखंडातले बारीक तडे रंगाने शोधायची तपासणी, भोसरीत कोपऱ्याकोपऱ्यावर होते. चाक स्वच्छ पुसलं, लाल द्रव फवारला, पंधरा मिनिटं थांबलो, पुसून काढला, वर पांढरं डेव्हलपर मारलं. पुढच्या चाकावर पहिल्या भोकाच्या कडेतून केसासारखी लाल रेघ उगवायला लागली. आधी अर्धा सूत. मग बघता बघता वेल्डिंगच्या कडेकडेने शेजारच्या भोकाच्या दिशेने साडेतीन सूत. मागच्या चाकावर तशी रेघ एकच, बारीक. पोरगा म्हणाला, "दादा, घाटात सुटलं असतं ना हे?" मी त्याला डेव्हलपरचा डबा ठेवून यायला सांगितलं.

ट्रॅक्टरचं चाक वाईट असतं असं नाही. ते त्याच्या कामाला मजबूत असतं, पण ते काम वेगळं आहे. शेतीच्या टायरवर ए-६ किंवा ए-८ असं वेगाचं चिन्ह असतं, त्याचा अर्थ ताशी ३० आणि ४० किलोमीटर. पुढच्या चाकाला इंजिनाची ओढ नसते, ते फक्त वळतं आणि वजन पेलतं. जीपचं पुढचं चाक फोर-व्हीलमध्ये ओढतंही. आणि वळणावर बाजूचा जोर डिस्कवर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. वीसला जो त्रास होतो त्याच्या चौपट चाळीसला.

मी ताईला वर्कशॉपमध्येच बोलावलं, फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तिने लाल रेघेवरून बोट फिरवलं, मग बुजवलेल्या भोकांवरून. म्हणाली, "आबांनी फसवलं म्हणायचं का?" मी म्हणालो, मळ्यावर जाऊन विचारू.

मळ्यावर मामा आहेत. आबांच्या वेळचे जुने गडी, वय ऐंशीच्या पुढे, सगळे त्यांना मामाच म्हणतात. मी चाकाचा विषय काढायच्या आधी मुद्दाम विचारलं, मामा, आबांकडे ट्रॅक्टर होता का?

"व्हता की. लाल मॅसी."

"पुढच्या चाकाला बोल्ट किती होते, आठवतंय?"

मामांनी एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा वर केला.

मग बाकीचं त्यांनीच सांगितलं. १९७२ चा दुष्काळ. नांगरायला ओल नाही, ट्रॅक्टर आठ महिने शेडमध्ये उभा. जीप मात्र रात्रंदिवस रस्त्यावर. मागे पाण्याची पिंपं, कधी कडबा, कधी दवाखान्यात न्यायचं माणूस. खडकाळ वाटेवर आधी मागचं डावं चाक फाटलं, मग पुढचं. नवी चाकं आणायला पैसे नव्हते, आणि असते तरी वेळ नव्हता. आबांनी उभ्या ट्रॅक्टरची पुढची चाकं काढली आणि सासवडला एका वेल्डरकडे नेली. त्याने एका रात्रीत भोकं बुजवून नवी पाडली. "सकाळी पाणी घिऊन गेलो," मामा म्हणाले, "आन् आबा म्हनले, दुष्काळ सरला की नवी बसवू."

"आणि ती लढाईची गोष्ट?" ताईने विचारलं.

मामांना कुठली लढाई ते समजलं नाही.

नवी, म्हणजे जुनी पण खरी, दोन चाकं शोधायला तीन आठवडे लागले. जुन्या बाजारात बुधवार आणि रविवार दोन्ही वाऱ्या केल्या. पहिल्या रविवारी मिळालेलं चाक दिसायला उत्तम होतं, पण व्हर्निअर लावला तर एका भोकाची वाटी लंबगोल झालेली. ढिल्या नटावर बरेच दिवस पळालेलं चाक. दुसरं एक रुंद करून घेतलेलं, रिम मधून कापून पट्टी घातलेली, ते हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं. शेवटी नाना पेठेतल्या एका जुन्या दुकानदाराच्या माळ्यावर जोडी सापडली. त्याने 'साहेब, ओरिजिनल आहे' म्हणायला तोंड उघडलं तोवर मी शेजारची भोकं मोजायला बसलो होतो. पाच वेळा मोजलं, पाचही वेळा ८२.१ च्या आजूबाजूला. पालथं घातलं, पट्टी ठेवली, खोली आमच्या तिघांशी जुळली. ब्लेडने थर बघितले, मग पैसे दिले. जीपला बसवल्यावर नटाबाहेर अडीच आटे दिसले. पन्नास किलोमीटर चालवून नट परत आवळले, एकही हलला नव्हता. पुढच्या रविवारी ताई दिवे घाट उतरून आली ती थेट माझ्याकडे. काही बोलली नाही, चावी टेबलावर वाजवली फक्त.

राहिली आबांची दोन चाकं. माझ्या वर्कशॉपमधून तडकलेलं चाक आहे तसं बाहेर जात नाही. भंगारात दिलं की महिनाभरात कुणीतरी रंग मारून ट्रॉलीला लावतं. ताईला हे पटत होतं आणि नकोही होतं. शेवटी दोन्ही गॅसने कापायची ठरली, तिच्यासमोर. पुढचं चाक मी रिमपासून हबच्या भोकापर्यंत कापत आणलं. पहिल्या भोकासमोरचं, नव्या भोकांपैकी कशालाच न शिवलेलं एक जुनं भोक होतं, कट त्याच्या कडेने गेला. उष्णतेने वेल्डिंग सुटलं आणि आतली चकती टुण्‌कन फरशीवर पडली. चार आण्याच्या नाण्याएवढी. एका बाजूला ग्राइंडरच्या रेघा, दुसऱ्या बाजूला १९७२ चा गंज. ताईने ती थंड होईपर्यंत वाट पाहिली, पदराने पुसली, आणि सीटखालच्या टूल बॉक्समध्ये, पान्यांच्या शेजारी ठेवून दिली.